धर्माच्या बातमीला अभ्यास लागतो



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी या सभागृहात जमतो, त्यांनी वृत्तपत्राकडे आयुष्यभर लोकशिक्षणाचे साधन म्हणून पाहिले. त्यामुळे विषय निवडायला मला फार वेळ लागला नाही. आपल्या वृत्तपत्रांत धर्माविषयी रोज जे छापून येते, वाहिन्यांवर जे दाखवले जाते, त्यात विचार किती असतो? धर्म चांगला की वाईट, देव आहे की नाही, हे प्रश्न मी आज घेणार नाही. मी बोलणार आहे ते फक्त बातमीबद्दल.

क्रिकेटचा सामना पाहायला पाठवलेल्या वार्ताहराला पायचीत म्हणजे काय हे ठाऊक असते. महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला अर्थसंकल्पाच्या दिवशी कोणी विधानभवनात धाडत नाही. मग पालखी सोहळ्याला, उरुसाला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, नाताळच्या मिस्साला जो जातो, त्याने त्या परंपरेविषयी काय वाचलेले असते? बहुतेक वेळा काहीच नाही. त्या दिवशी ज्याच्याकडे दुसरे काम नसते, तो जातो. त्यात त्या वार्ताहराचा दोष मी मानत नाही. त्याला अभ्यासाला वेळ दिलेला नसतो, आणि अभ्यासाची अपेक्षाही कोणी ठेवलेली नसते.

याचा परिणाम असा, की आपल्याकडे धर्माची बातमी दोनच साच्यांत येते. पहिला साचा कौतुकाचा. वातावरण भक्तिमय असते, गर्दी अलोट असते, भाविकांचा महापूर लोटलेला असतो. दुसरा साचा भांडणाचा. भावना दुखावल्या, दोन गट आमनेसामने आले, तणावपूर्ण शांतता, बंदोबस्त वाढवला. या दोन साच्यांच्या मध्ये माणसे जो धर्म जगतात, त्याबद्दल वाद घालतात, त्याचे नियम बदलतात, त्यासाठी पैसा उभा करतात, तो सगळा प्रदेश कोराच राहतो.

आधी कौतुकाबद्दल बोलू.

आषाढी वारीच्या बातम्या डोळ्यांसमोर आणा. दिवे घाटातला उंचावरून काढलेला फोटो. रिंगणात धावणारा अश्व. फुगडी घालणारे पुढारी. हे सारे सुंदर आहे, छापलेच पाहिजे. पण वारीत रोज संध्याकाळी एक गोष्ट घडते, ती तुम्ही बातमीत किती वेळा वाचली आहे? माउलींची पालखी तळावर पोचली की समाज आरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळांचा गजर टिपेला पोचलेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. त्या दिंडीची तक्रार आहे, अशी ती खूण. वाटेत तिचा क्रम मोडला असेल, तळावर जागा मिळाली नसेल, पाणी पोचले नसेल. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, ते वरपर्यंत पोचवतात, तोड निघते, तेव्हा ते टाळ शांत होतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते आणि त्यानंतर आरती.

श्रोतेहो, हे काय आहे याचा जरा विचार करा. लाखोंचा समुदाय, उघडे माळरान, दिवसभराची चाल, आणि तिथे आरतीच्या आधी तक्रार ऐकण्याची रीत. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यातून आलेली ही व्यवस्था आहे. रथापुढे 27 दिंड्या चालतात. त्यांचा मान कसा ठरला? नव्या दिंडीला नंबर कसा मिळतो, कोणाला मिळत नाही? दिंडीचा खर्च कोण करतो? वीणा कोणाच्या गळ्यात असते, आणि बाईच्या गळ्यात ती कधी येते? यातल्या एकेका प्रश्नावर एकेक बातमी होऊ शकते, आणि ती वारकऱ्यांनाच सर्वांत आधी वाचावीशी वाटेल.

इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. वारकऱ्यांविषयीचा त्यांचा जिव्हाळा त्या लेखाच्या ओळीओळीत आहे. तरीही एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांना दिसले, टोचले, आणि त्यांनी ते लिहिले. जिव्हाळा आणि प्रश्न एकाच लेखात राहू शकतात, याचा याहून चांगला दाखला मराठीत शोधावा लागेल. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या, वार्ताहर नव्हत्या, असे कोणी म्हणेल. मान्य. पण जेवणाच्या पंगती पाहायला पदवी लागत नाही. थांबावे लागते, आणि पाहावे लागते.

आता 6 डिसेंबरकडे या. महापरिनिर्वाण दिनाला दादरच्या चैत्यभूमीवर देशभरातून माणसे येतात. वर्षानुवर्षे या दिवसाची बातमी काय होती? वाहतुकीतले बदल, जादा लोकलगाड्या, महापालिकेच्या सोयी, आणि कधी कधी तर अस्वच्छतेच्या तक्रारी. अलीकडे यात बरी सुधारणा झाली आहे, तरी बातमीचा मुख्य भाग अजून व्यवस्थेचाच असतो. त्याच दिवशी शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात. रात्रभर गाडीत मिळेल त्या जागी बसून आलेला माणूस तिथे पुस्तक हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो, किंमत विचारतो, खिशातले पैसे मोजतो आणि पुस्तक विकत घेतो. यात्रेहून घरी जाताना पुस्तक न्यायचे, ही प्रथा दुसऱ्या कोणत्या यात्रेत आहे? मला तरी आठवत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धर्म दिला आणि त्याबरोबर 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा घरात कशा पाळल्या जातात, लग्न कसे लागते, विपश्यनेकडे वळलेले बौद्ध आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हाच पाया मानणारे बौद्ध यांच्यात काय वाद चालतो? वाद जोरात चालतो, गंभीर आहे आणि बौद्धिक आहे. मुख्य प्रवाहातल्या मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला त्याची कुणकुणही नसते.

इतर धर्मांच्या वाट्याला तर एवढेही येत नाही. रमजानची बातमी महंमद अली रोडवरच्या खाऊगल्लीपाशी संपते. नाताळची केकपाशी. वसईत मराठी बोलणारा, मराठीत प्रार्थना करणारा ख्रिस्ती समाज आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा पुष्कळ वाचकांना हा समाज जणू प्रथमच भेटला. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक तर 1842 पासूनचे. एवढा जुना शेजार आपल्या बातमीत वर्षातून एकदाच, तोही सांताक्लॉजच्या टोपीत यावा, याचे मला दुःख होते.

आता भांडणाच्या बातमीकडे येतो. दंगलीचे वार्तांकन हा स्वतंत्र आणि फार मोठा विषय आहे, तो मी आज बाजूला ठेवतो. मी बोलतो आहे ते हक्कांच्या आणि नियमांच्या वादाबद्दल.

2015 च्या अखेरीला शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर एक स्त्री गेली आणि वाद पेटला. 26 जानेवारी 2016 ला मोर्चा निघाला, तो वाटेत अडवला गेला. वाहिन्यांवर कित्येक दिवस तेच चित्र होते: एका बाजूला परंपरा, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, मध्ये पोलीस. पण प्रश्न काय होता? विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, त्या कोणत्या आधारावर? आधार होता महाराष्ट्राचाच, 1956 सालचा कायदा. सार्वजनिक हिंदू उपासनास्थळी प्रवेश नाकारणाऱ्याला शिक्षा सांगणारा कायदा. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना देवळांची दारे उघडावीत म्हणून तो झाला. म्हणजे 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा आणि 1947 मध्ये पंढरपूरला साने गुरुजींनी केलेल्या उपोषणाचा हा वारसा. साठ वर्षे तो पुस्तकात पडून होता. ‘प्रथा मोडणार का?’ असे मथळे देणाऱ्यांपैकी कितीजणांनी आंदोलनाच्या पहिल्या आठवड्यात तो उघडला? काही पानांचाच तर कायदा आहे. तो वाचला असता तर मथळा वेगळा झाला असता: सरकार आपलाच कायदा का पाळत नाही? एप्रिलच्या सुरुवातीला उच्च न्यायालयानेही नेमका तोच कायदा अमलात आणायला सांगितले. गुढीपाडव्याला, 8 एप्रिलला, पुरुष भाविकांनी बंदी न जुमानता चौथऱ्यावर जाऊन जल वाहिले आणि त्याच दिवशी देवस्थानाने चौथरा सगळ्यांना खुला केला.

त्याच वर्षी 26 ऑगस्टला हाजी अलीचा निकाल आला. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या स्त्रियांनी याचिका केली होती. बातम्यांत पुन्हा तेच दोन पक्ष: न्यायालय आणि धर्म. प्रत्यक्षात त्या याचिकाकर्त्या स्वतः श्रद्धावान होत्या. दर्ग्यात जाऊन मजारीपाशी दुवा मागण्याचा हक्क त्या मागत होत्या. आणि तो हक्क त्यांना काही वर्षांपूर्वीपर्यंत होता! 2011-12 च्या सुमारास तो काढून घेतला गेला. ज्याला बातमीत ‘जुनी परंपरा’ म्हटले जात होते, ती परंपरा जेमतेम काही वर्षांची होती. न्यायमूर्तींनी विश्वस्तांनी दिलेले धर्मग्रंथांतले आधार तपासले, बंदी हा इस्लामचा अत्यावश्यक भाग ठरतो का ते पाहिले, आणि ठरत नाही असे सांगितले. न्यायमूर्तींना जे वाचावे लागले त्यातले थोडेतरी वार्ताहराने वाचायला नको का?

माझा आजचा मुख्य मुद्दा इथे आहे, म्हणून तो पुन्हा सांगतो. धर्माच्या वादात एका बाजूला धर्म आणि दुसऱ्या बाजूला आधुनिक जग, असे क्वचितच असते. वाद धर्माच्या आत असतो. भाविक भाविकाशी भांडत असतो. कोणाचा अर्थ खरा, कोणाला अधिकार, कोणी ठरवायचे, कशाच्या बळावर ठरवायचे, हे प्रश्न असतात. बातमीने हे आतले भांडण दाखवले नाही तर काय होते? आतला जो सर्वांत मोठ्याने ओरडतो, तोच धर्माचा प्रतिनिधी ठरतो. आणि त्याला प्रतिनिधी ठरवतो कोण? आपण. आपला कॅमेरा.

जादूटोणाविरोधी कायद्याचे उदाहरण तर मनाला लागून राहिलेले आहे. कितीतरी वर्षे ते विधेयक रखडले. या कायद्याने वारी बंद होईल, सत्यनारायण घालता येणार नाही, कीर्तनकारांना तुरुंगात टाकतील, असे बोलले गेले. आणि जे बोलले गेले ते तसेच छापले गेले. एकाने आरोप केला, दुसऱ्याने उत्तर दिले, दोन्ही बाजू मांडल्या, झाली बातमी. विधेयकाचा मसुदा काही गुप्त नव्हता. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. गुन्हे कोणते, ते अनुसूचीत बारा कलमांत मोजून दिलेले आहेत. दोन्ही बाजू मांडणे हे वार्ताहराचे काम आहेच. पण एक बाजू कागदावर नसलेली गोष्ट सांगत असेल, तर कागदात काय आहे हे सांगणे त्याचे पहिले काम आहे. ते वेळेवर झाले असते तर त्या काळातले वातावरण किती निवळले असते!

कोणी म्हणेल, हे सगळे आदर्श आहे, धर्मावर असे लिहिणे आपल्या देशात जमत नाही. जमत नाही? श्रोतेहो, जमलेले आहे, आणि याच मुंबईत जमलेले आहे.

1860 सालच्या 21 ऑक्टोबरला ‘सत्यप्रकाश’ या गुजराती साप्ताहिकात करसनदास मुळजींनी एक लेख लिहिला. वल्लभ संप्रदायाचे महाराज आपल्या अनुयायांच्या श्रद्धेचा, त्यांच्या घरच्या स्त्रियांच्या बाबतीतसुद्धा, कसा गैरफायदा घेतात, ते त्यांनी लिहिले. लिहिणारा कोण होता? बाहेरचा मिशनरी नव्हे. स्वतः वैष्णव वाणी घरातला तरुण होता. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. साक्षीदारांनी पुढे येऊ नये म्हणून जातीचा दबाव आला, त्यावरून वेगळा खटला झाला. 1862 च्या जानेवारीत मुख्य खटला उभा राहिला आणि मग मुंबईच्या सुप्रीम कोर्टात संप्रदायाचे ग्रंथ उघडले गेले. शिष्याने तन, मन, धन अर्पण करायचे याचा अर्थ काय, यावर वकील आणि पंडित भांडले. डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले. आपल्या गोव्यातल्या मांद्र्याचे, संस्कृतचे मोठे अभ्यासक आणि व्यवसायाने डॉक्टर. महाराजांच्या रोगांविषयी त्यांनी वैद्य म्हणून जे पाहिले होते ते त्यांनी कोर्टात सांगितले. स्वतः संप्रदायातले व्यापारीही बोलले. एप्रिलमध्ये निकाल लागला आणि खटल्याचा खर्च करसनदासांना मिळाला.

यात शिकण्यासारखे काय आहे? धाडस तर आहेच. पण नुसत्या धाडसावर ते टिकले नसते. माणसे माहीत होती, ग्रंथ वाचलेला होता, साक्षीदार उभे राहिले आणि आतल्या माणसाने आतल्यांशी वाद घातला. एक उणीव मात्र मला जाणवते. जुना वेद तो खरा धर्म आणि नंतरचे सगळे भेसळ, असा करसनदासांचा युक्तिवाद होता. जुने म्हणजे शुद्ध, हे काही सिद्ध झालेले नाही. हाच युक्तिवाद आज कितीतरी वेगळ्या हेतूंनी वापरला जातो. तरी त्या लेखाची उंची कमी होत नाही.

उलट टोकाचे उदाहरणही घरचेच आहे. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पुढारी मंडळी व्याख्यानाला गेली, चहा-बिस्किटे पुढे आली. रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’त छापून आणली. त्या यादीने शहर ढवळून निघाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. कोणी चहा घेतला याची यादी म्हणजे बातमी झाली. आजही समाजमाध्यमांवरून वृत्तपत्रात शिरणाऱ्या किती ‘बातम्या’ निव्वळ अशा याद्या असतात! कोण देवळात गेले, कोण इफ्तारला बसले, कोणी टिळा लावला, कोणी लावला नाही.

आणखी एक क्षेत्र आहे, पैशाचे. गुरुपौर्णिमेनंतर शिर्डीला किती दान आले, किती सोने आले, याचे आकडे न चुकता येतात. तो पैसा जातो कुठे? शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर या देवस्थानांसाठी राज्याने स्वतंत्र कायदे केले आहेत. बाकीची पुष्कळशी देवस्थाने 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देतात. विश्वस्त कोण नेमतो, कोणत्या पक्षाचे सरकार आले की विश्वस्त मंडळ का बदलते, हे भाविकाला कळायला हवे. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा 1973 चा, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द आला जानेवारी 2014 मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत काय काय घडले, याचा सलग वृत्तांत एखाद्या वृत्तपत्राने दिला असता तर तो देवस्थानांच्या कारभाराचा उत्तम पाठ झाला असता.

वार्ताहरांची भीती मला समजते. धार्मिक भावना दुखावल्याचे कलम, पूर्वीचे 295 अ आणि आताच्या न्याय संहितेतले 299, कधी अंगावर येईल सांगता येत नाही. कचेरीवर मोर्चा येतो, गावात फिरणे अवघड होते. म्हणूनच जबाबदारी संपादकाची आणि मालकाची आहे. कागदपत्रे तपासून, सर्व बाजूंना विचारून लिहिलेल्या बातमीमागे त्यांनी उभे राहिले पाहिजे. ते उभे राहणार नसतील, तर तालुक्याच्या वार्ताहराने धाडस करावे असे इथून, या सुरक्षित व्यासपीठावरून, मी सांगणार नाही.

श्रद्धावान वाचक रागावेल, हे कारण मात्र मला पटत नाही. रात्ररात्र कीर्तन ऐकणारा, ज्ञानेश्वरीच्या एका ओवीवर तासभर बोलणारा वाचक विचाराला घाबरत नाही. त्याला हलके लेखले जाते आहे. आणि धर्माला एवढी जागा कशाला, असे म्हणणाऱ्या माझ्या विवेकवादी मित्रांना विनंती आहे, की त्यांनी दाभोलकरांकडे पाहावे. संत परंपरा त्यांना पाठ होती. ज्याच्याशी वाद घालायचा ते त्यांनी आधी वाचले होते.

नाशिकचा सिंहस्थ समोर आहे. 2027 मध्ये रामकुंडावर वैष्णवांचे तीन आखाडे आणि त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर शैवांसह उरलेले दहा स्नानाला येतील. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. त्या आठवणीपासून तपोवनातल्या झाडांच्या वादापर्यंत, आखाड्यांच्या मानापासून गोदावरीच्या पाण्यापर्यंत विषय पडलेले आहेत. इथे बसलेल्या संपादकांना माझे सांगणे आहे: या कामासाठी एक वार्ताहर आजच नेमा. त्याला आखाड्यांचा इतिहास वाचायला वेळ द्या, पुरोहित संघात आणि कोळीवाड्यात बसायला वेळ द्या, कुंभमेळा प्राधिकरणाच्या निविदा वाचायला वेळ द्या. आणि वाचकहो, तुमच्या वृत्तपत्रात सिंहस्थाच्या वेळी नुसता शाही मिरवणुकीचा फोटो आणि गर्दीचा आकडा आला, तर संपादकांना पत्र लिहा आणि बाकीची बातमी मागा.